आवाज नसलेल्या गाडीतून हसनाबाद

जालना सोडताना गाडीच्या पडद्यावर लिहिलं होतं की अजून एकशे दहा किलोमीटर जाता येईल. राजूर आलं तेव्हा त्यातले चाळीस गायब होते, आणि रस्ता काही तेवढा झाला नव्हता. हा पडदा पंपवाल्यांना सामील असावा, असा मला दाट संशय आला. पेट्रोल भरायचं नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवर चालते आणि पोटातल्या बॅटरीवरही. पुण्यात मुलीने हौसेने घेऊन दिली. बॅटरीचा काटा उतारावर चढतो, चढावर उतरतो. पेट्रोलचा काटा बराच वेळ ढिम्म हलत नाही आणि मग एकदम खाली येतो. असं वागणाऱ्या माणसाला मी घरात घेतलं नसतं.

दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती. हसनाबादला मावशी पिशवी भरूनच बसली होती. जालन्याच्या दवाखान्यात दुपारी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. याआधी दोनदा तारीख घेतली, दोनदा मावशी ऐन वेळी माघारी फिरली. उजव्या डोळ्याला आता जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, आणि डॉक्टरांनी आणखी थांबू नका म्हणून बजावलं होतं. त्यामुळे मी गाडीवर एक डोळा ठेवून होतो आणि मावशीवर दुसरा. भाकरी आणि ठेचा खाऊन लगेच निघालो.

गाव मागे पडलं आणि इंजिन गप्प झालं.

"बंद पडली का रे?"

"नाही मावशी, बॅटरीवर चाललीय."

"आवाज न्हाई म्हंजे बंदच की."

तिला भीती वाटू नये म्हणून मी हळू चालवू लागलो. आणि काय सांगू, थेंबभर पेट्रोल न घालता पडद्यावरचे किलोमीटर वाढले! आता मात्र माझी खात्रीच पटली की ही शुद्ध फसवणूक आहे. एका फाट्यावर गाडी उभी केली. आत गारवा राहावा म्हणून चालूच ठेवली आणि रेंज मिळेल तिथवर चालत जाऊन मुलीला फोन लावला.

"बाबा, तो आकडा टाकीचं माप सांगत नाही," ती म्हणाली. "तुम्ही मागे कसं चालवलंत त्यावरून पुढचा अंदाज बांधतो. सकाळी पळवली असणार तुम्ही. आणि बॅटरी ब्रेक दाबल्यावर भरते, पण पेट्रोल संपलं तर तिच्या भरवशावर राहू नका."

मी परत आलो तर मावशी नाही. पिशवीही नाही. समोरच्या चहावाल्याने सांगितलं, "आजी भाड्याच्या काळी-पिवळी जीपमध्ये बसून गेल्या."

"कुठल्या बाजूला?"

"ते न्हाई बघितलं. गिऱ्हाईक होतं."

मला आणखी कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. दोनदा फिरलेली बाई तिसऱ्यांदा कुठे जाणार? मी गाडी वळवली आणि हसनाबादकडे अशी पळवली की पडद्याचा आकडा भराभर घसरू लागला. घराला कुलूप होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "त्या तुमच्यासंगंच गेल्त्या ना?" ऑपरेशनची वेळ जवळ येत होती, आणि मी मावशीला मनातल्या मनात नको ते बोलत होतो.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. दवाखान्यातल्या सिस्टरच्या फोनवरून मावशी बोलत होती.

"कुठं राहिलास? अजून ढकलूनच राह्यला का गाडी? आवाज बंद झाला, तू बी दिसंना. डॉक्टर काय थांबतो व्हय? मंग मी जीपला हात केला. मला घ्यायलेत हे लोक आता आत."

मी हसनाबादला आहे एवढंच सांगितलं आणि मला एकदम रडू आलं. वाटेत पंप लागला तेव्हा मुकाट्याने टाकी भरली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. हसनाबादला परतताना मावशी उजव्या डोळ्याने सगळं न्याहाळत होती, कापूस, पाट्या, माझे पांढरे केस. पडद्यावरचा आकडा तिने स्वतः वाचला आणि तो काय सांगतो ते विचारलं. मी मुलीने सांगितलेलं सगळं सांगितलं, की मागे जसं चाललं तसंच पुढेही चालणार असं तो धरून चालतो.

तिने मान माझ्याकडे वळवली.

"काल मी जीपमदी बसून गेल्ते," ती म्हणाली, "तवा तू उलटा हसनाबादला कशापायी आल्तास?"

मी पडद्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं.