सहाच्या ठोक्याला

"झेरॉक्ससुद्धा जाळल्या, बाबा?"

"प्रत मागे राहिली तर जाळून उपयोग काय?"

"अहो, तुमच्या जावयाच्या, प्रीतमच्या हातचं पत्र होतं ते! आमची रचना आईकडेच, माझ्याकडेच राहील म्हणून लिहून सही केलेली. आता म्हणतो, मी असं लिहिलंच नाही. उद्या कल्याणच्या कोर्टात काय दाखवू? बादलीतली राख?"

"टेबलावर होतं गं. तारीख जुनी. सहा वाजलेले..."

गुणाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बत्तीस वर्षं त्यांनी मोठ्या साहेबांचे गुप्त फोन सांभाळलेले. यंत्र आवाजाचे तुकडे करून असं कालवायचं की चोरून ऐकणाऱ्याला नुसती खरखर. सुरुवातीला ते कपाटाएवढं होतं आणि त्यातून मंत्रीसुद्धा बदकासारखा बोलायचा. मग ते सुटकेसमध्ये मावलं, शेवटी फोनच्याच पोटात गेलं. त्यांच्या खोलीत एक गोष्ट मात्र बदलली नाही. कालवलेला आवाज उलगडायला दोन्ही टोकांना रोज आकड्यांचा नवा कागद लागायचा, आणि कालचा कागद संध्याकाळी सहाला जाळून, राख पाण्यात ढवळून, वहीत नोंदवायचा. तो कुणाच्या हाती लागला तर कालचं बोलणं उघडं पडलं. गुणाजींच्या हातून एक कागद कधी सुटला नाही. हल्ली वार विसरायचे, जेवलो की नाही तेही. सहा वाजलेले विसरायचे नाहीत.

"मोबाईलमध्ये फोटो तरी काढला असता! पण तुम्हीच म्हणालात, फोनला कान असतात, काही ठेवू नकोस त्यात. आणि मी ऐकलं. हुशार ना मी!"

गुणाजी एकदम उठले. खणातून वही काढून त्यांनी तिच्यापुढे धरली.

"हे बघ, नोंद आहे! पत्र होतं, एवढं तरी कोर्टाला पटेल."

सोनलने वही हिसकावली. पान एक, प्रती दोन. वेळ सहा. शेवटच्या रकान्यात, वळणदार अक्षरात: मजकूर वाचला नाही.

"एक ओळसुद्धा नाही?"

"जाळायचं ते वाचायचं नाही. तसा नियमच होता."

तिने वही मिटून टेबलावर ठेवली. अगदी हळू. त्यापेक्षा आपटली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

"मी येतो उद्या. जजसाहेबांसमोर उभा राहतो, मीच जाळलं म्हणून सांगतो. माझ्या पोरीची पोर तिच्यापासून तोडू नका म्हणतो. पाया पडतो हवं तर. सोनल? येऊ ना गं?"

सोनलने पर्स खांद्याला अडकवली, चपला पायात सरकवल्या आणि दार उघडंच टाकून जिना उतरली.