आपण की आम्ही

आमच्या मुलीचं मराठी तसं बरं आहे. जन्म इंग्लंडातला, तरी भाजीला नावं ठेवते ती मराठीतच. फक्त 'आपण' आणि 'आम्ही' यांत तिचा कायमचा घोटाळा. शाळेतून आली की सांगायची, "बाबा, आज आपण स्विमिंगला गेलो."

"मी कुठे होतो? मी ऑफिसात होतो. मी असलो तर आपण, मी नसलो तर आम्ही."

"इंग्लिशमध्ये नुसतं 'वी' आहे. तुला सोपं काही चालतच नाही."

सतरा वर्षं मी हे शिकवलं आणि सतरा वर्षं ती नापास झाली. तिने मला फुटबॉल शिकवायला घेतला, त्यात माझाही निकाल फार वेगळा नाही.

नॉटिंगहॅमपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. गावाला एक क्लब आहे, खालच्या डिव्हिजनमधला आणि तिथे चांगला रुळलेला. ती नऊ वर्षांची असताना मॅच बघायचा हट्ट धरून बसली, एकटीला सोडणार कोण, म्हणून दोन सीझन तिकिटं घेतली. तेव्हापासून एकाआड एक शनिवारी आम्ही दोघं शेजारी शेजारी बसतो. माझ्या डोक्यावर कानटोपी, मांडीवर थर्मास, खिशात दाण्याच्या लाडवांचा डबा. ऑफसाइडचा नियम मला अजून कळलेला नाही. सगळे उठले की मी उठतो. एकदा गोल झाला तेव्हा मी डुलकीत होतो आणि बाजूच्यांनी मला मिठी मारून जागं केलं. असो. मुद्दा असा की या सप्टेंबरात ती मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत जाणार आणि घरच्या मैदानावरच्या चारच मॅचेस उरल्या होत्या.

अशात कॅलिफोर्नियाहून माझ्या मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, मी येतोय. मॅच बघायला."

"आणि बहिणीला भेटायला?"

"हो, तेही जमवतो."

हा माणूस पाच वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या खेळाला सॉकर म्हणायचा. मग तिकडे इंग्लिश क्लबांचं वेड पसरलं आणि याच्या ऑफिसात प्रत्येकाने पाठिंबा द्यायला एकेक क्लब घेतला. बाकीच्यांनी मोठमोठे घेतले. याने आमचा घेतला. कारण विचारलं तर म्हणाला, "जिथे बहीण दिली, तिथलाच घ्यायचा ना." आता दर शनिवारी सकाळी सातला याच्या गॅरेजमध्ये पाच अमेरिकन जमतात. इंग्लंड त्यांतल्या एकानेही पाहिलेलं नाही, पण एकाने कुत्र्याला आमच्या गोलकीपरचं नाव ठेवलंय. शेवटी आलेल्या टीमला खालच्या वर्गात ढकलतात, याचं तर त्यांना भारी कौतुक. मेहुणा म्हणतो, "आमच्याकडे हरत बसलं तरी कोणी खाली पाठवत नाही. उलट मालकाच्या मनात आलं तर आख्खी टीम उचलून दुसऱ्या शहरात नेतो. तुमचं बरं आहे. नापास झाला तरी गाव तेच."

तो आला, तर मॅचला तिकीट नाही. हल्ली त्याच्यासारखेच पाहुणे येतात, स्टँड भरलेला असतो. जेवताना त्याचा चेहरा पडला. आणि मी, ज्याला उदार व्हायची जुनी खोड आहे, बोलून गेलो, "त्यात काय, माझ्या सीटवर जा. मला कुठे काय कळतं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "नक्की, बाबा?"

"अगं नक्की. मला जरा आरामच मिळेल."

शनिवारी मामा-भाची निघाली. डबा आणि थर्मास मीच भरून दिले, कानटोपीही दिली. मग आराम करायला बसलो. आमच्या घरापासून मैदान जवळ आहे, गोल झाला की आवाज खिडकीपर्यंत येतो. पहिला आवाज आला तसा मी उठून उभा राहिलो.

बायको म्हणाली, "बस. इथे मागच्यांना दिसत नाहीये."

"पाय मोकळे करतोय."

"जायचं होतं तर तोंडाने म्हणायचं. माझ्या भावाने रडून दाखवलं असतं फार तर."

दुसरा आवाज आला तेव्हा मी आधीच उभा होतो. पाच वाजता फोन वाजला. मागे गलका, आणि मुलगी ओरडत होती, "बाबा, आम्ही जिंकलो."

सतरा वर्षांत पहिल्यांदा बरोबर आलं. मी नव्हतो, म्हणून आम्ही. एका अक्षराची चूक नाही. "शाब्बास," म्हटलं आणि फोन ठेवला. मास्तरला एवढं वाईट कधी वाटलं नसेल विद्यार्थी पास झाल्याचं.

मेहुणा घसा बसवून परतला. डबा रिकामा. "लाडू फार छान होते, भाऊजी. आणि मागचे आजोबा विचारत होते, ते झोपणारे गृहस्थ कुठे गेले? म्हटलं, घरी झोपलेत." मुलगी हसत होती, पण थर्मास माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "मामाला ऑफसाइड कळतं. सारखं समजावत होता. मला कुणाला समजावताच आलं नाही."

तो पुढच्या आठवड्यात परत गेला. त्यानंतरच्या मॅचच्या आधी मुलीने विचारलं, "माझ्या फ्रेंडला यायचंय. तुझा सीट देशील का, बाबा? तुला आराम?"

"माझी सीट," मी म्हणालो. "सीट ती. आणि देणार नाही. आराम मी सप्टेंबरात करीन."

"ओके," ती म्हणाली, आणि तिने दाणे भाजायला ठेवले.

त्या शनिवारी आम्ही तीन गोल खाल्ले. पाऊस आडवा, लाडू ओले, मागच्या आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारून जागे आहात ना याची खात्री करून घेतली. मुलीने मला ऑफसाइड पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मला पुन्हा कळलं नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं आणि तिने पुन्हा सुरुवात केली. परतीच्या वाटेवर ओला मफलर पिळत ती म्हणाली, "आपण काय घाण हरलो ना, बाबा."

 दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच.

घराच्या दारातच फोन वाजला. गॅरेजमधून मेहुणा. मागे कुत्रा भुंकत होता, बहुधा गोलकीपर. "भाऊजी, आपण हरलो."

पाच हजार मैलांवर बसलेला माणूस. मी सवयीने तोंड उघडलं, मुलीने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"हो रे," मी म्हणालो. "हरलो आपण. आणि अजून दोन मॅचेस आहेत. या वेळी तिकिटाचं तुझं तू बघ."