बोल्टाकडं बघायचं न्हाई

ती कोण, कुठली, मला अजून माहीत नाही. पण माझ्या मामेभावाचा साखरपुडा तिच्यामुळं पार पडला.

आमची प्रवासी जीप जाफराबादला निघाली होती. केदारखेड्याच्या पुढं इंजिन तापलं आणि गाडी थांबली. ड्रायव्हरकडं नवा वॉटर पंप होता, पण जुन्या पंपाचे गंजलेले बोल्ट सुटेनात. साखरपुड्याची अंगठी माझ्या खिशात होती आणि मामांचे फोनवर फोन येत होते. आम्ही सगळे प्रवासी बॉनेटवर वाकून सल्ले देत होतो. शेवटी ड्रायव्हरनं हातोडा उचलला.

तेवढ्यात मागच्या सीटवरची म्हातारी खाली उतरली. तिनं पदर खोचला आणि त्याच्या दुसऱ्या हातातला पाना घेतला.

“कशाला मारून राह्यला त्याला? एवढी माणसं तोंडाकडं बघून राह्यली, मंग तो कसा सुटंल? फिरा समदे तिकडं.”

कुणी हसलं नाही. ड्रायव्हरसकट आम्ही सगळे कपाशीकडं तोंड करून उभे राहिलो. मागं ती बोल्टाशी हळू आवाजात बोलत होती, रुसलेल्या जावयाला जेवायला उठवावं तशी. मग कर्रकन आवाज आला. वळून पाहिलं, तर बोल्ट तिच्या तळहातावर होता.

“काय केलं, मावशी?” ड्रायव्हरनं विचारलं.

“काही न्हाई. आधी जरा आवळला, मंग सोडला.”

“मग आम्हाला कशाला फिरवलं?” मी म्हणालो.

“तुमी लई बोलून राह्यले व्हते.”

अजून तीन बोल्ट बाकी होते. कुणी न सांगता आम्ही पुन्हा कपाशीकडं वळलो. मामांचा फोन आला, तेव्हा मी कुजबुजलो, “नंतर बोलतो, मामा. बोल्ट सुटून राह्यलाय.”