शैलाच्या नावाचा उतार

शैलाशी माझं शेवटचं बोलणं संडासाबद्दल झालं. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, हबीबगंजच्या बाजूला एका खाजगी दवाखान्यात ती होती. वॉर्डच्या टोकाला, दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र लावलेलं, चांगलं ऐसपैस बाथरूम होतं. त्याला कुलूप. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, "मैडम, वो तो स्टोर है. झाड़ू-पोछा रखते हैं उसमें." शैलाला पलंगावरच भांडं देत होते, आणि त्या भांड्याचा तिला आयुष्यभर तिटकारा. धाप लागलेली, तरी माझं मनगट धरून म्हणाली, "किल्ली कुणाकडे आहे ते शोध... चित्र लावलंय ना, मग उघडायला लाव." मी ऑफिसात जाऊन भांडले. किल्लीवाला सुट्टीवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शैला गेली, तेव्हाही कुलूप तसंच होतं. याला आता काही आठवडे झाले. लोक मला सांगतात, राग सोड. मी कशाला सोडू?

शैला माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे वडील इंदूरहून बदलून आलेले मास्तर; टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत. पोलिओनं तिचे दोन्ही पाय रांगण्याच्या वयातच गेले होते. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर, म्हणून शाळेचा शिपाई तिला पाठीवर घेऊन चढायचा आणि सगळे त्या शिपायाचं कौतुक करायचे. वर्गच खाली आणावा, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. घरी तिची आई, ती ऐकत असताना, आल्यागेल्याला म्हणायची, "माझ्यामागं हिला उचलणार कोण?" शैला ही गोष्ट हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

पुढं बँकेतली नोकरी सोडून तिनं स्वतःचं काम सुरू केलं. शाळा, बँका, कचेऱ्या, कारखाने... अधू माणसाला आत येता यावं आणि आल्यावर धड काम करता यावं, म्हणून काय बदलायचं ते ती दाखवून द्यायची. दार किती रुंद हवं, काउंटर किती खाली हवा, आंधळ्या कारकुनाला बोलणारा संगणक कसा लावून द्यायचा. गोड बोलणं तिला जमत नव्हतं. एका कंपनीनं बहिऱ्या मुलीला नोकरी देऊन दर पाहुण्याला गुच्छ द्यायला पुढं केलं होतं. शैलानं तो गुच्छ मॅनेजरच्या हातात ठेवला. "इसको अकाउंट्स आता है. फूल आप दीजिए."

कचेरीतल्या सर्वांत मोठ्या साहेबाला ती चाकाच्या खुर्चीत बसवायची आणि म्हणायची, आता तुमच्या केबिनपर्यंत जा, संडासातही जाऊन या. मदतीला कुणी नाही. जवाहर चौकाजवळच्या एका कचेरीत साहेब स्वतःच्याच संडासाच्या दारात अडकले आणि शिपायाला हाका मारू लागले. शिपाई धावला, तर शैलानं हात आडवा घातला. "रुकिए भैया, साहब सीख रहे हैं." साहेब रडकुंडीला आले. त्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले होते. बाहेर आल्यावर म्हटलं, "अगं, किती छळशील?" तर म्हणाली, "त्यांना थोड्याच वेळात उठून चालता येणार आहे." त्या कचेरीचं दार महिन्याभरात रुंद झालं.

सगळ्या शहराला शहाणं करणाऱ्या या बाईच्या दिव्याखालचा अंधार म्हणजे आमचं मराठी मंडळ. सभागृह उंच जोत्यावर, पुढं पायऱ्या. शैलानं फुकट आराखडा काढून दिला होता: फूटभर उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे उतार पार फाटकापर्यंत येणार. पण तिथं स्कूटर लावतात! अध्यक्ष खानवलकरकाका दर वर्षी म्हणायचे, "अहो शैलाताई, तुम्हाला उताराची काय गरज? आपली पोरं आहेत की उचलायला." एका गणेशोत्सवात तिच्याच सत्काराला चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. खुर्ची कलली, साडी गुडघ्यावर गेली, तिला दोन्ही हातांनी खुर्ची धरावी लागली म्हणून पदरही सावरता येईना. सभागृहानं टाळ्या वाजवल्या... पोरांसाठी. त्यानंतर शैला कधी वर गेली नाही. दर वर्षी यायची, अंगणात स्कूटरींच्या रांगेत बसून आरती म्हणायची. "मी वर जाईन तर माझ्या हातांनी चाकं फिरवत," एवढंच तिचं मागणं होतं. ते राहिलं.

शोकसभा अर्थातच वर झाली. शैलाचा फोटो मात्र अलगद चढला. ती मंडळाचा प्राण होती, प्रेरणास्थान होती, असं ज्यांनी तिला आरतीला अंगणात बसवलं तेच सांगत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध. मग काकांनी शैलाच्या स्मरणार्थ उतार बांधायची घोषणा केली, आणि इतकी वर्षं न झालेलं काम चुटकीसरशी झालं. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. पण गोठ्याच्या दाराचा तो झोपा निदान बैल मावेल एवढा तरी असतो. यांनी स्कूटरींची जागा सोडली नाही. पायऱ्यांना चिकटून, घसरगुंडीसारखा उभा सिमेंटचा उतार ओतला. त्यावर संगमरवरी पाटी, शैलाच्या नावाची.

उद्घाटनाला शैलाबरोबर काम करणाऱ्या फरहतला बोलावलं होतं. फरहतही चाकाच्या खुर्चीवरच असते. तिनं उताराकडे एकदा पाहिलं, हातांवर तोल सांभाळत शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत सरकली आणि म्हणाली, "अंकल, पहले आप." काका हसत तिच्या चाकाच्या खुर्चीत बसले, फोटो काढून घेतला, चाकं फिरवली. अर्ध्यावर चाकं थांबली. आता वर जाता येईना आणि हात सोडले तर खुर्ची मागं येणार. हसणं बंद झालं. कपाळावरची शीर फुगली. पोरं धावली, तर फरहत म्हणाली, "पीछे खड़े रहो, गिरने मत देना. पर हाथ कोई नहीं लगाएगा."

सत्तरी उलटलेला माणूस, सगळ्या गावासमोर. "अहो, कुणीतरी उतरवा ना मला..." काका म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. त्यांची नजर माझ्याकडे वळली, कारण मीच सगळ्यांत जवळ होते.

मी पाटीवरचं शैलाचं नाव वाचत उभी राहिले.