डबल शीट

काल तासगावात सायकलीच्या दुकानापुढनं चाललो होतो. नव्या टायरचा वास आला आणि पाय तिथंच थांबले. माझी बायको शांता जाऊन आता वरीस होत आलं.

तीन वर्षं वाट बघून सायकल घेतली, तवा ती संगं होती. मिस्त्रीनं आमच्यासमोर चाकात एकेक तार भरली, चाक फिरवून सरळ केलं, हँडल बसवलं. शांतानं पदरानं मडगार्ड पुसलं. मिस्त्री म्हणाला, "चार दिवस डबल शीट नको. तारा बसूंद्यात."

मी तेच धरलं. "तू ये चालत," म्हणालो. गाव दोन कोस. खरं सांगायचं तर बायकोला मागं बसवून गावात शिरायची मला लाज वाटत होती. सायकल लय हलकी पळत होती. वाटेत कोण नसताना मी घंटी वाजवत होतो.

गावाजवळ दोस्त भेटला, गणपा. "बसू का रं?" म्हणाला. बस म्हणालो, आणि त्याला मागं घेऊन नुसत्या हौशीनं उलटा फिरलो. समोरनं शांता येत होती, तुटकी चप्पल हातात घेऊन.

"आवं, बसल्या व्हय तारा एवढ्यात?"

गणपा हसला. मी बी हसलो आणि तसाच फुडं गेलो.

नंतर कितींदा म्हणालो, बस मागं. "चालते की," म्हणायची. माफी मागायला माझ्याकडं चाळीस वर्षं होती. मी मागितली न्हाई.