डिस्कला लागलेला भंडारा

बायकोचा लॅपटॉप आतून टकटक वाजू लागला, तेव्हा लोहाऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याने वैद्यासारखा त्याला कान लावला. "हार्डडिस्क जाणार," तो म्हणाला. "बंद पडायच्या आत रिकव्हरी डिस्क काढून ठेवा. नवी हार्डडिस्क बसवली की त्यावरून लॅपटॉप पहिल्यासारखा उभा करतो. पण जपून. कंपनी हा संच एकदाच काढू देते."

बायको शिक्षिका. दसऱ्यानंतर तालुक्यातल्या शिक्षकांसमोर तिला लॅपटॉपवर धडा करून दाखवायचा होता. धडा पेनड्राइव्हमध्ये सुखरूप होता, पण दाखवणार कशावर? म्हणून मोहीम मी हाती घेतली. कोऱ्या डीव्हीडी आणल्या. खोलीत कुणी पाय आपटायचा नाही, असं फर्मान काढलं. प्रत्येक डिस्क तव्यावरच्या भाकरीसारखी गरम बाहेर यायची. मी ती कडेला धरून सगळ्यांना दाखवायचो आणि वर शाईने मोठा आकडा घालायचो. चारही डिस्क लॅपटॉपने स्वतः तपासून ठीक ठरवल्या. त्यानंतर दोन दिवसांत त्याने मान टाकली.

"काढल्या की नाही वेळेत?" मी अख्ख्या घराला विचारत हिंडलो.

खंडेनवमीला सासूबाई अणदूरहून आल्या होत्या. पाटावर कोयता, विळी, कात्री आणि बंद लॅपटॉप मांडला. माझा पराक्रम सर्वांना दिसावा म्हणून शेजारी चारही डिस्क मीच ओळीत ठेवल्या आणि झेंडूची फुलं आणायला गेलो. परतलो तर पूजा आटोपलेली. डिस्क पालथ्या, आणि त्यांच्या चकचकीत बाजूवर ओल्या भंडाऱ्याची ठसठशीत बोटं, मध्ये कुंकू.

"मामी! हे काय केलंत?"

"काय म्हंजे? वरल्या अंगाला तुमी शाई फासून ठिवलीवती. देवापुढं असलं ठिवत्यात व्हय, जावईबापू? सोच्छ तोंड वर केलं अन् पुजलं."

"अहो, त्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असतं!"

"कुठं? मला तर माजंच तोंड दिसलं."

मी बायकोकडे आशेने पाहिलं. "आईला बोलू नका," ती म्हणाली. "मिरवायला पाटावर कुणी ठेवल्या?"

मऊ फडकं ओलं करून, मधून कडेकडे, मी एकेक डिस्क पुसली. भंडारा निघाला. कुंकवाची गुलाबी झाक मात्र दोन डिस्कांवर हट्टाने बसून राहिली. त्यांचं काय होणार, हे लॅपटॉपमध्ये घातल्याशिवाय कळणार नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात. मामींनी यायचा हट्टच धरला होता. दुरुस्तीवाल्याने नवी हार्डडिस्क बसवली आणि पहिली डिस्क आत सरकवली. हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. दुसरीही गेली. तिसरी घरघरली, थांबली आणि पडद्यावर आलं: डिस्क वाचता येत नाही.

बायको ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. दुरुस्तीवाल्याने डिस्क काढून उजेडात धरली. "साहेब, यावर हळदीकुंकू झालंय का?"

"खंडोबाचा भंडारा हाय त्यो," मामींनी दुरुस्ती केली.

त्याला हसू आवरेना. बाटलीतलं कसलंसं पाणी कापसावर घेऊन त्याने डिस्क पुन्हा पुसली, आत घातली. घरघर. पुन्हा घरघर. आणि पट्टी हलली! मी इतक्या जोरात "हलली!" ओरडलो, की शेजारच्या चहावाल्याने डोकावून पाहिलं. चौथी तर लोण्यासारखी गेली. थोड्या वेळाने पडद्यावर निळा प्रकाश आला, स्वागताची सूचना आली आणि बायकोने पेनड्राइव्ह लावला. तिचा धडा उघडला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत तो पाहिला, मग मोठा श्वास सोडून चक्क आईला मिठी मारली. मला नाही.

"या जपून ठेवा," म्हणत दुरुस्तीवाल्याने डिस्क पुढे केल्या. माझा हात गेला, मामींचाही गेला. दोन्ही हातांमधून बायकोने त्या अलगद उचलल्या आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली. त्या आता कुठे असतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. बरंच झालं, यावर आमचं दोघांचं एकमत आहे.