सतराव्या घड्याळाचा मालक

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात आणि पावती देत नाहीत. या एका सवयीपायी मी आयुष्यभर त्यांच्याशी भांडले. "चेहरा लक्षात राहतो माझ्या," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घड्याळ उघडलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक अक्षरात तारीख कोरायची आणि गिऱ्हाइकाला आपणच ठेवलेलं नाव. खरं नाव विचारायची तसदी कोण घेतो? 'रडका मास्तर', 'घाईची बाई', 'दोनदा पाडलं'. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय ही अक्षरं दिसत नाहीत, म्हणून आजवर मार खाल्ला नाही इतकंच.

बसायची जागाही तशीच, तोंडी. चष्मेवाल्या काकांच्या दुकानात दाराला लागून बाबांचं टेबल. तीस वर्षांत भाडं नाही, करार नाही, कागदाचा चिटोरा नाही. काका चष्मे विकायचे, बाबा घड्याळं उघडायचे, आणि दुपारी दोघं एकाच डब्यातलं खात एकमेकांची उणीदुणी काढायचे.

मग काकांचा धंदा बसला. काचांच्या घाऊक व्यापाऱ्याने थकलेल्या पैशांसाठी दावा लावला, जिंकला, आणि एका सकाळी कोर्टाचा बेलिफ जप्तीला आला. चष्म्यांच्या फ्रेमा, काउंटर, आरसे, आणि त्याच ओघात बाबांचं टेबल, हत्यारं आणि खणातली सदतीस घड्याळं. "अहो, ही लोकांची आहेत," बाबा सांगत राहिले. बेलिफ वाईट माणूस नव्हता. "पावत्या दाखवा, आत्ता सोडतो," म्हणाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही; पाहिलं असतं तर चारचौघांत नको ते बोलून बसले असते.

जाता जाता बेलिफानेच वाट दाखवली. लिलावाआधी हरकत अर्ज करा, माल दुकानदाराचा नाही, दुसऱ्यांचा आहे हे पटवून द्या, सुटेल. अर्ज मीच लिहिला: सदतीस घड्याळं आणि हत्यारं. तोवर घरी गिऱ्हाइकांची रीघ लागली होती. घाईची बाई तर दिवसातून दोनदा यायची. तिच्या आईची तेवढी एकच वस्तू उरली होती. बाबांचं जेवणखाण सुटलं. "लोकांची घड्याळं लिलावात गेली, तर यापुढे कुणाचं घड्याळ हातात घेणार नाही," म्हणाले. ते बोललेलं करतात, याची मला भीती वाटली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी काका आले. खुर्चीत बसलेही नाहीत.

"जप्तीच्या यादीत सतरा नंबरला माझ्या वडिलांचं घड्याळ आहे. सोन्याचं. साफ करायला तुझ्याकडे दिलं होतं, तुझ्याच खणात सापडलं. गिऱ्हाइकाचं म्हणून सांग. सगळं गेलं रे माझं, एवढं तरी राहू दे."

बाबांनी खुर्ची पुढे सरकवली. काकांनी ती बाजूला केली.

"तीस वर्षांत तुझ्याकडे कधी काही मागितलं का मी?"

नव्हतं मागितलं, हे खरंच होतं. ते गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, एक खोटं उघडं पडलं तर बाकीची छत्तीस बुडतील."

"कळतंय मला."

"मग काय सांगणार?"

ते उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

कोर्टात व्यापाऱ्याच्या वकिलांनी सुरुवातच धारदार केली. पावती नाही, वही नाही, दोघे जिवलग मित्र. हा सगळा दुकानदाराचाच माल आहे आणि वाचवायचं नाटक चाललंय. न्यायाधीश बाईंनी बाबांना विचारलं, "तुमच्याकडे पुरावा काय?"

"झाकणं उघडा, मॅडम. उघडायच्या आधी मी सांगतो आत काय लिहिलंय."

जप्त झालेल्या हत्यारांतूनच सुरी मागून घेतली. भिंग बाईंच्या हातात दिलं. पहिलं घड्याळ. "रडका मास्तर," बाबा म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी स्प्रिंग बदलली, आता काटे अडकतायत." बाईंनी भिंगातून पाहिलं आणि मोठ्याने वाचलं. मागच्या बाकावरून एक शिक्षक लाल चेहऱ्याने उठले. "माझंच आहे ते." कारकूनसुद्धा हसला. वकील हसले नाहीत. दुसरं, तिसरं, चौथं. एकही चुकलं नाही. घाईची बाई आपलं नाव ऐकून रागावायचं विसरली आणि रडायला लागली. मी मात्र आकडे मोजत होते. चौदा झाले, पंधरा झाले, सोळा झाले.

सतरा. बाबा या वेळी आधी काहीच बोलले नाहीत. नुसतं झाकण उघडून दिलं.

"सात तारखा आहेत," बाई वाचत होत्या, "आणि शब्द एकच. सख्खा." त्यांनी मान वर केली. "तुमच्या भावाचं का?"

'हो' म्हणायचं, की झालं. जगात कुणालाही पकडता आलं नसतं. काका मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ते झाकण त्यांनी आतून कधी पाहिलेलं नव्हतं, आपलं नाव काय आहे ते त्यांना आत्ताच कळत होतं.

"मला भाऊ नाही, मॅडम," बाबा म्हणाले. "हे चष्मेवाल्यांचं. आमच्या अर्जातून काढून टाका."

बाकीच्या घड्याळांना वकिलांनी हरकत घेतली नाही. छत्तीस घड्याळं आणि हत्यारं सुटली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच मला स्वतःची लाज वाटली, कारण मागे वळून पाहिलं तर काका निघून गेले होते.

सतरावं घड्याळ लिलावात निघालं. बाबा गेले, आईच्या दोन बांगड्या मोडून आणलेले पैसे लावून ते सोडवलं, आणि तसेच काकांच्या घरी गेले. मी सोबत होते. काकांनी दार अर्धंच उघडलं. बाबांनी घड्याळ पुढे केलं.

काकांनी हात पुढे केला नाही. "कोर्टाने पावती दिली?"

"दिली."

"कुणाच्या नावाची?"

"माझ्या," बाबा म्हणाले.

"मग तुझंच आहे ते," काका म्हणाले, आणि दार हळूच लावून घेतलं.